करवतमाशी ओळखायची कशी आणि तिचं नाव ठरवायचं कोणी?

ऑक्टोबर सरत आला आणि मुळ्या-मोहरीला चार पानं फुटली, की नागपूरच्या आसपासच्या भाजीच्या शेतांत आणि घरामागच्या वाफ्यांतही पानांना भोकं दिसू लागतात. पान उलटं केलं की खाली काळपट हिरवी, सुरकुतल्या अंगाची अळी असते. जरासा धक्का लागला तरी ती अंगाचं वेटोळं करून मातीत पडते आणि मेल्यासारखी पडून राहते. दुपारी शोधायला गेलात तर बहुधा सापडतच नाही, कारण उन्हाच्या वेळी ती मातीच्या ढेकळांखाली असते. खाणं चालतं ते सकाळी आणि संध्याकाळी.

शेजारचे काका तिला लष्करी अळी म्हणतात. औषधाच्या दुकानात कोबीवरची अळी म्हणून डबा हातात ठेवतात. कृषी महाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी पुस्तक उघडून सांगते, ‘ही मोहरीवरची करवतमाशी, मस्टर्ड सॉफ्लाय.’ तिचं बरोबर आहे. पण त्यापुढचं शास्त्रीय नाव एका पुस्तकात ‘अथालिया प्रॉक्सिमा’ असतं, दुसऱ्यात ‘अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा’ आणि तिसऱ्यात नुसतंच ‘अथालिया लुगेन्स’. विद्यार्थ्याला वाटतं तीन किडे आहेत, किंवा दोन पुस्तकं चुकली आहेत. प्रत्यक्षात यातलं काहीच धड खरं नाही. हे असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडची माशी आणि दुसऱ्या देशातली तिच्यासारखी दिसणारी माशी एकाच जातीच्या की वेगळ्या, हा पहिला प्रश्न. जी जात ठरेल तिला कोणतं नाव लावायचं, हा दुसरा. शेताची मोजणी करून बांध कुठे आहे ते ठरवणं हे एक काम आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते पाहणं हे दुसरं. मोजणीदार मालक ठरवत नाही आणि नुसता उतारा वाचून बांध सापडत नाही. करवतमाश्यांचंही तसंच आहे. जातीची हद्द निसर्गातल्या पुराव्यावरून ठरते, नाव नियमांवरून ठरतं. पुरावा वाढला की हद्दीबद्दलचं मत बदलू शकतं. नियमांत मात्र आवडीनिवडीला जवळपास जागा नाही.

पुढे वाचताना एवढं लक्षात ठेवा, की इथे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज.

आधी अळीचे पाय मोजा

करवतमाशी ही खरी माशी नाही. घरातल्या माशीला दोन पंख असतात, हिला चार. मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात येतात, त्याच गणातली ही जुनी मंडळी. मुंगीला किंवा गांधीलमाशीला जी बारीक कंबर असते ती हिला नसते, छाती आणि पोट सरळ एकमेकांना जोडलेले असतात. नाव पडलं ते मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवावरून. पोटाच्या टोकाशी दोन अतिशय पातळ पाती असतात, त्यांना खालच्या कडेने दाते असतात, आणि ती आळीपाळीने पुढेमागे सरकवून मादी पानाच्या कडेला चीर पाडते. त्या चिरेत एक अंडं ठेवते आणि पुढे सरकते.

नुकसान करते ती अळी, आणि तीच हुबेहूब पतंगाच्या अळीसारखी दिसते. फरक पायांत आहे आणि तो साध्या भिंगाने दिसतो. अळी तळहातावर घ्या, थोडी थांबू द्या, म्हणजे ती अंग उलगडेल. डोक्यामागे तीन जोड्या खऱ्या, टोकदार पायांच्या असतात. त्या दोघींनाही असतात. त्यामागे पोटाखालचे मऊ, मांसल पाय सुरू होतात, आणि इथेच बघायचं. पतंगाच्या अळीत खऱ्या पायांनंतर दोन वलयं बिनपायांची जातात, मग चार जोड्या येतात, पुन्हा मोकळी जागा आणि अगदी शेवटी एक जोडी. एकूण पाच, काही अळ्यांत त्याहून कमी. करवतमाशीच्या अळीत खऱ्या पायांनंतर एकच वलय मोकळं सुटतं आणि लगेच मांसल पाय सुरू होतात. मोहरीवरच्या करवतमाशीत ते आठ जोड्या भरतात. आणखी खात्री हवी असेल तर डोकं पाहा. पतंगाच्या अळीच्या डोक्यावर प्रत्येक बाजूला बारीक डोळ्यांचा पुंजका असतो, करवतमाशीच्या अळीला प्रत्येक बाजूला एकच ठसठशीत काळा ठिपका. मांसल पायांच्या तळाशी पतंगाच्या अळीला सूक्ष्म आकड्यांची रांग असते, हिच्या पायांना ती नसते.

विदर्भात हा फरक फार महत्त्वाचा आहे. बीटी हा शब्द इथे कपाशीमुळे घराघरांत पोचलेला आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही नागपुरातलीच. भाजीपाल्यावर फवारायला मिळणारी बीटीची पावडर, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा कुर्स्टाकी प्रकार, पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यावर काम करते. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीवर ती चालते. करवतमाशीच्या अळीवर चालत नाही, कारण ती पतंगाची अळीच नाही. पाय न मोजता फवारणी केली तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात, आणि शेतकरी मग ‘औषधात भेसळ होती’ असा निष्कर्ष काढतो.

सारख्या दिसणाऱ्या बहिणी

इथवर भिंग पुरलं. करवतमाशी आहे एवढं कळलं. ती अथालिया प्रजातीतली आहे हे प्रौढ माशी हातात आल्यावर थोड्या सरावाने कळतं: नारिंगी-पिवळं अंग, त्यावर काळे भाग, धुरकट पंख, काळ्या शिरा, आणि टोकाकडे किंचित जाड होत गेलेल्या आखूड स्पर्शिका. पण अथालियातली नेमकी कोणती जात, हे रंगावरून सांगायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच जाती याच दोन रंगांत रंगलेल्या आहेत. छातीवरचा काळा डाग कुठे सुरू होतो, पायाच्या नळीला काळी वळी आहेत की नाहीत, याचा उपयोग होतो, पण एकाच जातीत ते डाग कमीजास्त होतात. अनेक कीटकांत थंडीत वाढलेल्या पिढीचा रंग गडद येतो. जुन्या संग्रहातल्या टाचलेल्या नमुन्यांचा पिवळा रंग तर वर्षांनी तपकिरी पडतो.

म्हणून अभ्यासक करवतीकडे वळतात. मेलेली, वाळलेली मादी आधी ओल्या डब्यात ठेवून मऊ करतात. मग पोटाचं टोक अलगद सोडवून पोटॅशच्या पातळ द्रावणात ठेवतात, म्हणजे आतले स्नायू विरघळून जातात आणि कठीण भाग तेवढे उरतात. पाण्यात धुऊन, सुईच्या टोकाने दोन पाती वेगळी करून एक पातं काचपट्टीवर आडवं ठेवलं की सूक्ष्मदर्शकाखाली खरी करवत दिसते. दाते किती, प्रत्येक दात्याचा उतार किती, दात्याच्या कडेवर आणखी बारीक दाते आहेत का, पात्याच्या अंगावरच्या केसांच्या रांगा कशा. दोन जाती बाहेरून अगदी जुळ्या वाटल्या तरी इथे बरेचदा फरक उघड होतो.

इथेही एक सावधगिरी लागते. ज्या मादीने आयुष्यभर पानं कापून अंडी घातली तिचे दाते झिजलेले असतात. झिजलेल्या करवतीचं चित्र काढून तिला नवी जात म्हणणं अवघड नाही, म्हणून जाणकार माणूस एकाच मादीवर थांबत नाही, ताज्या आणि जुन्या माद्या दोन्ही पाहतो.

नरांना करवत नसते. त्यांच्या जननेंद्रियात एक चपटी झडप असते, तिचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो आणि तीही अशीच काढून पाहावी लागते. मग पुढचा पेच येतो: या झडपेचा नर आणि त्या करवतीची मादी एकाच जातीचे, हे कशावरून? जाळ्यात दोघं एकत्र सापडले म्हणून? त्या वाफ्यात दोन जाती असू शकतात. नर एका नावाने आणि मादी दुसऱ्या नावाने नोंदली गेल्याची उदाहरणं कीटकशास्त्रात भरपूर आहेत.

याचा एक सुंदर उपाय खुद्द करवतमाश्यांच्या शरीरधर्मातच आहे. मधमाश्यांप्रमाणे यांच्यातही बहुतेक जातींत फलित अंड्यातून मादी होते आणि फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो. म्हणजे कोशातून नुकतीच बाहेर आलेली, नराशी गाठ न पडलेली मादी बरणीत एकटी ठेवून तिला मुळ्याचं रोप दिलं, तर ती अंडी घालते आणि त्यांतून मुलगेच होतात. आईची करवत काचपट्टीवर, मुलांची झडप शेजारच्या काचपट्टीवर. दोन्ही एकाच जातीचे, यात शंकेला जागा नाही. शिवाय मधल्या काळातल्या अळ्यांचं रूपही कळतं, म्हणजे शेतात दिसणारी अळी आणि संग्रहालयातली माशी यांची सांगड पक्की बसते. एवढं सगळं जमायला एक बरणी, ओलसर माती आणि रोज ताजं पान पुरतं, हे मला फार मोलाचं वाटतं. महागडी यंत्रं नसलेल्या महाविद्यालयातही हे काम करता येतं.

खाद्यवनस्पतीचा पुरावा अर्धाच धरायचा. मोहरीकुळातल्या झाडांत तिखट चव देणारी जी द्रव्यं असतात ती बहुतेक कीटकांना सोसत नाहीत. युरोपातल्या अथालिया रोझीच्या अळ्या मात्र ती आपल्या रक्तात साठवून ठेवतात. अळीला चिमटीत धरलं की तिची कातडी सहज फुटते आणि तो कडू रस शत्रूच्या तोंडी लागतो. जपानमधल्या अभ्यासात याच जातीच्या प्रौढ माश्या क्लेरोडेंड्रम या झुडपाची पानं चाटून त्यातली कडू द्रव्यं अंगात घेताना आढळल्या. म्हणजे प्रौढ माशी जिथे पकडली ते झाड तिच्या अळीचं खाद्य असेलच असं नाही. ‘अमुक झाडावर सापडली’ एवढी नोंद जात ठरवायला पुरत नाही.

मग डीएनए? हा प्रश्न आजकाल लगेच येतो. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये पेशीतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या घटकातल्या एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी ओळखपट्टी म्हणून वापरावा असं सुचवलं, आणि अनेक गटांत ते छान चालतं. करवतमाश्यांत ते पुष्कळदा फसतं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. दोन जातींत पूर्वी कधी संकर झाला असेल तर एका जातीचे मायटोकाँड्रिया दुसरीत शिरून तिथेच टिकून राहतात, बाकीचं सगळं वेगळं असलं तरी. एम्प्रिया नावाच्या करवतमाश्यांच्या प्रजातीत असं झालेलं दिसतं: ओळखपट्टी एक गोष्ट सांगते, केंद्रकातली जनुकं आणि करवत दुसरी. म्हणून आता केंद्रकातली जनुकंही तपासतात. आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. सार्वजनिक साठ्यातल्या डीएनएच्या नोंदीपुढे जे नाव असतं ते कोणीतरी माशी पाहूनच लिहिलेलं असतं. तिथे ओळख चुकली असेल तर आपल्याला आलेलं ‘शंभर टक्के जुळलं’ हे उत्तरही चुकलेलंच असतं.

आता नावाकडे

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. सुरुवात मानली जाते ती १७५८ सालापासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नातुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून. मुख्य नियम सोपा आहे: एका जातीला अनेक नावं मिळाली असतील तर सर्वांत जुनं, नियमात बसणारं नाव खरं धरायचं. बाकीची समानार्थी म्हणून मागे ठेवायची, पुसायची मात्र नाहीत.

युरोपात सलगमवर पडणाऱ्या करवतमाशीचं पाहा. लिनियसने १७५८ मध्ये तिला टेंथ्रेडो प्रजातीत घालून ‘रोझी’ हे नाव दिलं. १७९१ मध्ये क्रिस्टने ‘कोलिब्री’ म्हटलं, १७९३ मध्ये फॅब्रिशियसने ‘स्पिनारम’, आणि पान्झरने ‘सेंटिफोलिई’. एकमेकांचे ग्रंथ मिळायला वर्षं लागत, रंगाच्या चार ओळींत वर्णन संपे, त्यामुळे हे होणारच होतं. इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात या किडीने सलगमचं पीक उद्ध्वस्त केलं तेव्हा जॉर्ज न्यूपोर्टने १८३८ मध्ये तिच्या शरीररचनेवर आणि सवयींवर सविस्तर निबंध लिहिला. त्यात नाव आहे अथालिया सेंटिफोलिई. पुढच्या काळातल्या शेतीच्या पुस्तकांत स्पिनारम आणि कोलिब्री ही नावं सापडतात. आज सगळे रोझी लिहितात. फक्त आजचं नाव घेऊन जुनं वाङ्मय शोधलं तर न्यूपोर्टचं इतकं उत्तम काम हातातून निसटतं. मागे ठेवलेली नावं जपायची ती यासाठी.

तिचा गुलाबाशी खाण्याचा काही संबंध नाही, ती मोहरीकुळावर जगते. तरीही नाव रोझीच राहतं. अर्थ जुळत नाही म्हणून नाव बदलायला संहिता परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक पिढीने आपल्या माहितीप्रमाणे नावं बदलली असती.

आजचं पूर्ण नाव असं लिहितात: अथालिया रोझी (लिनियस, १७५८). या कंसाकडे विद्यार्थी बहुतेक वेळा दुर्लक्ष करतात, पण त्यात माहिती आहे. लिनियसने ही जात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली, हे कंस सांगतो. अथालिया ही प्रजाती लीचने १८१७ मध्ये मांडली. मूळ लेखकाने ज्या प्रजातीत ठेवली तिथेच जात अजून असेल तर कंस येत नाही. कंस विसरणं ही फक्त टंकलेखनाची चूक नव्हे.

पण ‘रोझी’ म्हणजे नेमकी कोणती माशी, हे चार ओळींच्या लॅटिन वर्णनावरून कसं कळणार? त्यासाठी नमुना लागतो. प्रत्येक नाव एका ठरावीक, टाचणीला टाचलेल्या कीटकाशी बांधलेलं असतं. आज नवी जात मांडताना लेखक असा एक नमुना जाहीर करतोच. लिनियसच्या काळात ही पद्धत नव्हती, म्हणून त्याच्या संग्रहातून नंतरच्या अभ्यासकाने एक नमुना निवडून ‘हाच मूळ नमुना’ असं छापून जाहीर करायचं असतं. एकदा ते झालं की वाद मिटवायची जागा ठरली. पुस्तकातलं चित्र, शिक्षकांची आठवण, इंटरनेटवरचा फोटो, यांपैकी काहीही त्या टाचणीवरच्या माशीपेक्षा वरचढ नाही.

नियम आंधळा मात्र नाही. कुठल्यातरी धुळीत पडलेल्या ग्रंथातून एखादं विसरलेलं जुनं नाव निघालं, तर सगळ्यांना परिचित असलेलं नाव लगेच बदलायचं असं नाही. ते जुनं नाव १८९९ नंतर कोणीच ग्राह्य म्हणून वापरलेलं नसेल, आणि रुळलेलं नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ लेखनांत आलेलं असेल, आणि ती लेखनं निदान १० वर्षांच्या काळात पसरलेली असतील, तर रुळलेलंच नाव राखता येतं.

आता आपल्या मुळ्यावरच्या माशीकडे येऊ. ‘लुगेन्स’ आणि ‘प्रॉक्सिमा’ ही दोन्ही नावं बर्लिनच्या क्लुगने दिलेली, दोन्हींपुढे १८१५ हेच साल लागतं. क्लुगने त्यांना दोन जाती मानलं होतं. पुढे काही तज्ज्ञांना दोघी इतक्या जवळच्या वाटल्या, की प्रॉक्सिमा ही लुगेन्सचीच आशियातली उपजाती ठरवली गेली. तिथून ‘अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा’ हे तीन शब्दांचं नाव आलं आणि भारतीय कृषी पुस्तकांत रुजलं. इतरांनी प्रॉक्सिमाला पुन्हा स्वतंत्र जाती मानलं, म्हणून ‘अथालिया प्रॉक्सिमा’. यांतलं एक बरोबर आणि दुसरं चूक असा हा मामला नाही. दोन्ही नावं नियमाने वैध आहेत. फरक आहे तो हद्दीबद्दलच्या मतात: उत्तरेकडची लुगेन्स माशी आणि आपली प्रॉक्सिमा माशी यांच्यात उपजातीएवढं अंतर मानायचं की जातीएवढं. जपानमधल्या ‘इन्फुमाटा’चंही असंच झालं. तिलाही पूर्वी लुगेन्सची उपजाती म्हणून लिहीत, आता स्वतंत्र जाती म्हणून लिहितात.

एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन नावांत जुनं कोणतं हे कसं ठरवायचं, असा प्रश्न कोणाला पडेल. त्याचीही सोय आहे. ज्या अभ्यासकाने पहिल्यांदा दोन्ही नावं समोर ठेवून एकाची निवड केली, त्याची निवड पुढच्यांवर बंधनकारक असते.

त्यामुळे माझा सल्ला असा. प्रबंधात किंवा अहवालात ‘अथालिया प्रॉक्सिमा’ किंवा ‘अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा’ यांपैकी एक नाव घ्या, कोणत्या मतानुसार घेतलं ते एका ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. नुसतं ‘अथालिया लुगेन्स’ लिहू नका. त्याने आपली माशी आणि परदेशातली माशी एकच होऊन बसते, आणि तिथले जीवनचक्राचे आकडे इथल्या वेळापत्रकात शिरतात. जुने लेख शोधताना मात्र तिन्ही रूपं टाकून शोधा.

भारतातल्या करवतमाश्यांवर ज्यांनी आयुष्यं घालवली त्यांतल्या तिघांची नावं घ्यायलाच हवीत. पीटर कॅमेरॉनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथल्या असंख्य जातींना नावं दिली. त्याची वर्णनं त्या काळच्या रीतीने रंगावर बेतलेली असल्यामुळे पुढच्यांना त्याचे मूळ नमुने पुन्हा तपासावे लागले. स्वीडनचे रेने मालेझ १९३० च्या दशकात ब्रह्मदेशात करवतमाश्या गोळा करत होते. तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात जमतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून त्यांनी कीटक पकडायचा कापडी तंबू बनवला. जगभरच्या जंगलांत आज मालेझ सापळा लावतात तो एका करवतमाशीवाल्याने बनवलेला आहे. आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातले मलकीत सिंग सैनी यांनी भारतीय करवतमाश्या ओळखण्याच्या किल्ल्या आणि सूची तयार केल्या. जगात ८,००० हून अधिक जाती नोंदलेल्या असताना एका देशाची अशी यादी हाताशी असणं ही केवढी मोठी सोय आहे, हे नमुना घेऊन बसल्याशिवाय कळत नाही.

योग्य नाव किती कामाचं असतं याचं एक ताजं उदाहरण आहे. २००३ मध्ये मध्य युरोपात एल्म वृक्षांच्या पानांवर नागमोडी कुरतडल्याच्या खुणा दिसू लागल्या. अळ्या करवतमाशीच्या होत्या, पण युरोपातल्या कोणत्याच जातीशी जुळत नव्हत्या. तपासाअंती ती ‘अप्रोसेरॉस ल्युकोपोडा’ निघाली, जपानमधून ताकेउची यांनी १९३९ मध्येच वर्णन केलेली. नाव जुळताच बरंच काही उलगडलं: ही आशियातून आलेली आहे, हिच्या माद्या नराशिवायच माद्या जन्माला घालतात, म्हणजे एक मादी पोचली तरी नवी वसाहत उभी राहू शकते. हे कळल्यावर शोध कुठे घ्यायचा आणि लक्ष कशावर ठेवायचं ते ठरवता आलं. २०२० मध्ये ती कॅनडातही सापडली.

नागपुरात कोणाला अशी अळी किंवा माशी सापडली आणि नेमकी ओळख हवी असेल, तर सुरुवात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागापासून करावी. हे महाविद्यालय १९०६ पासूनचं आहे. त्यापुढची तपासणी लागली तर दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतला राष्ट्रीय पुसा संग्रह, बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आणि कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण ही ठिकाणं आहेत. पण पाठवायच्या नमुन्याची तयारी नीट हवी, नाहीतर कितीही मोठा तज्ज्ञ काही सांगू शकत नाही.

अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या की काळ्या पडतात. आधी कढत पाण्यात काही क्षण बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवल्या तर पट्टे दिसत राहतात. डीएनएसाठी ठेवायची असेल ती एखादी अळी वेगळी, तीव्र, म्हणजे ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये. सगळ्या अळ्या मारू नका. काही बरणीत तीन-चार बोटं ओलसर मातीवर मुळ्याची पानं देऊन वाढवा. त्या मातीत शिरून कोश करतील आणि प्रौढ माशी बाहेर येईल. ती माशी टाचणीवर टाचा, आणि तिचा रिकामा कोश व अळीची शेवटची कात छोट्या कॅप्सूलमध्ये घालून त्याच टाचणीला लावा, म्हणजे कोणती अळी कोणत्या माशीची हा प्रश्न पुढे कोणाला पडणार नाही. माशीऐवजी कोशातून बारीक गांधीलमाशीसारखा परजीवी कीटक निघाला तर फेकू नका, तोही तेवढ्याच काळजीने ठेवा.

चिठ्ठीवर नुसतं ‘नागपूर’ पुरत नाही. गाव आणि तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडावर, पान खाताना दिसली की नुसती बसलेली, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलने जाड कागदावर लिहा आणि अल्कोहोलच्या कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि बाहेर चिकटवलेला कागद पहिल्याच पावसाळ्यात सुटून येतो.